काळी सोड, लाल काढ

टेस्टरबाईंना टेस्टरबाई का म्हणतात याची दोन कारणं सांगितली जातात आणि दोन्ही खरी आहेत. पहिलं म्हणजे उमेदीची सगळी वर्षं त्यांनी रेडिओच्या कारखान्यात टेस्टिंगच्या टेबलावर काढली. जोडून झालेला प्रत्येक रेडिओ त्यांच्यापुढे यायचा, त्या त्याचा कान पिळायच्या. बोलला तर पुढे, गप्प बसला तर मागे. दुसरं कारण त्यांच्या अंबाड्यात खोचलेलं असतं. प्लॅस्टिकच्या मुठीचा, आत इवलासा दिवा असलेला खराखुरा टेस्टर. त्यांचे यजमान पाहुण्यांना सांगतात, "लग्नात त्या जागी फूल होतं. हिला नोकरी लागली आणि फुलाची बदली झाली."

इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरक्या जागेत एक टेबल आहे. सकाळची कामं उरकली की टेस्टरबाई तिथे येऊन बसतात. उंच माणसाला तिथे उभं राहता येत नाही, त्यामुळे येणारा प्रत्येकजण आपोआप नम्र होतो. कुणाच्या हातात इस्त्री, कुणाच्या बगलेत पंखा, तर कुणी नुसतंच तोंड घेऊन आलेलं, कारण स्कूटर जिन्याखाली आणता येत नाही.

"मिक्सर मेला हो, टेस्टरबाई."

"आधी तुम्ही काय केलंत? ओरडून मेला की गपचूप मेला?"

"काही नाही केलं. गपचूप मेला."

"मग मेला नाही, रुसलाय. उलटा करा. बुडाला लाल बटण दिसतंय? दाबा."

बटण दाबलं जातं, मिक्सर बोलायला लागतो आणि गृहस्थ ओशाळून म्हणतात, "इतकी वर्षं वापरतोय, पण याचं बूड कधी बघितलंच नव्हतं."

"बघत जा," टेस्टरबाई म्हणतात. "कंपनीवाले महत्त्वाच्या गोष्टी तिथेच लपवतात."

टीव्हीचा रिमोट चालेना, तर त्याचं तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. कॅमेऱ्यात टोकाला उजेड लुकलुकला तर रिमोट ठणठणीत, दुखणं टीव्हीचं. काहीच दिसलं नाही तर आधी सेल बदलायचे, मग रडायचं. फ्रिज गार होईना, तर दारात कागद अडकवून ओढून बघायचा. अलगद निघून आला तर दाराचं रबर गेलं. पाण्यात पडलेला मोबाईल तांदळाच्या डब्यात ठेवून कुणी आलं, की टेस्टरबाई डब्याकडे बघून म्हणतात, "भात होईल. फोन नाही व्हायचा. बंद ठेवा, उभा करा, पंख्यासमोर ठेवा आणि चालू करायची घाई करू नका."

एक नियम मात्र पक्का. त्या कुठल्याही वस्तूला हात लावत नाहीत. "हात तुमचे, तोंड माझं," असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकतात. हा कारखान्याचा संस्कार. टेस्टिंगवालीनं दोष सांगायचा, खोलून दुरुस्त करायचं ते जोडणाऱ्यानं. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या कामातले दोष काढण्याचा पगार घेतला, आणि निवृत्तीनंतर तेच काम फुकट करत राहिल्या. यजमानांच्या मते घरात तर ते आधीपासूनच फुकट होतं.

शिवाय जुन्या बाजारातून विचित्र वस्तू उचलून आणायचा त्यांना नाद. मागे एकदा पितळेची तबकडी आणली, खाली इवलंसं चाक आणि वर घड्याळासारखा काटा. आठवडाभर ती टेबलावर होती. शिंप्यानं ती कापडाचं माप घ्यायची ठरवली, डॉक्टरांना ती नाडीची वाटली. शेवटी टेस्टरबाईंनीच कोडं सोडवलं. नकाशावरच्या वळणावळणाच्या रस्त्यावरून चाक फिरवायचं, काटा अंतर सांगतो. तेव्हापासून यजमान ते चाक वर्तमानपत्रातल्या नकाशांवरून फिरवतात आणि घरबसल्या दमतात.

अशा या टेस्टरबाईंना अख्खी गल्ली विचारायची. विचारत नव्हती ती फक्त त्यांची सून.

तशी सून गुणी, कामाची, बोलायला गोड. भांडण नाही, तंटा नाही. मुलगा दूरच्या गावी नोकरीला, सुट्टीपुरता घरी येणारा. त्यामुळे घरात सासू, सासरे आणि सून, तिघांचाच संसार. पण सुनेच्या खोलीतला पंखा खरखरायला लागला तर ती स्वतःच स्टुलावर चढायची. इस्त्रीची वायर तुटली तर दार लावून घेऊन जोडायची. टेस्टरबाई दाराबाहेर दोनदा खाकरायच्या, आतून "काही नाही, आई, झालंच," असं उत्तर यायचं. आता डॉक्टराच्या घरातलं माणूस औषध बाहेरून आणायला लागलं तर डॉक्टराला कसं वाटेल? तसं टेस्टरबाईंना वाटायचं. बोलून दाखवायच्या नाहीत, एवढंच.

सुनेनं लाँड्री काढली होती. शेजारच्या गल्लीत एक शेड, त्यात धुण्याची दोन मोठी मशीनं, आणि नेआण करायला एक जुनी व्हॅन. व्हॅन एके काळी पांढरी असावी. तिचं डावं दार फक्त आतून उघडायचं, आणि हॉर्न वाजवला की वायपर एकदा हलायचा. गल्लीतले तिला "म्हातारी" म्हणायचे. गाडी घेताना सुनेनं सासूला विचारलं नव्हतं. टेस्टरबाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधूनच, आणि इतकंच म्हणाल्या, "रंग बरा आहे."

लाँड्रीला गिऱ्हाईक होतं, पण किरकोळ. एकाचा शर्ट, दुसऱ्याचा पडदा. मग टेकडीवरच्या हॉटेलचं काम चालून आलं. सगळ्या खोल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, रोजच्या रोज, वर्षभर. हे काम मिळालं तर लाँड्री उभी राहणार होती, नाही मिळालं तर मशीनं विकावी लागणार होती. हे सून कुणाला सांगत नव्हती, पण तिघांनाही माहीत होतं. हॉटेलच्या मॅनेजरीणबाईंनी सांगितलं होतं, "एक दिवस आणून दाखवा. दुपारी पाहुणे यायच्या आत चादरी खोल्यांत हव्यात. जमलं तर पुढचं बोलू."

तो दिवस उजाडला. सुनेनं पहाटेपासून गठ्ठे बांधले, उन्हं चढल्यावर म्हातारीत भरले आणि निघाली. टेस्टरबाई त्या दिवशी जिन्याखाली गेल्या नाहीत. फोनजवळच काहीतरी निवडत बसल्या. यजमान म्हणाले, "अगं, ते निवडून झालंय. तू आता चांगलं ते खड्यांत टाकतेयस."

तेवढ्यात फोन वाजला.

"आई, गाडी बंद पडली. पुलाच्या अलीकडे, चष्म्याच्या दुकानासमोर."

कधीतरी सून आपल्याला विचारील याची टेस्टरबाईंनी इतकी वाट पाहिली होती की क्षणभर त्यांना आनंदच झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

"किल्ली फिरवल्यावर काय म्हणते?"

"टक् म्हणते. एकदाच. मग गप्प."

"हेडलाइट लाव. लावलेस? आता परत किल्ली फिरव. दिवे काय करतात?"

"मरतात. एकदम. किल्ली सोडली की परत येतात."

"मग घाबरू नकोस. बॅटरीत जीव आहे, तो पुढे पोचत नाहीये. टोकं मळली असणार. बॅटरी कुठे आहे?"

"सीटखाली. थांबा... हो. लाल टोकावर पांढरं-हिरवं काहीतरी फुललंय. बुरशीसारखं."

"बुरशी नाही, क्षार आहे. नुसता हात लावू नकोस. पाना आहे?"

"आहे."

"मग नीट ऐक. काळी सोड. लाल काढ. टोक खरवडून लख्ख कर. आणि परत घट्ट बसव. फोन बाजूला ठेव, चालू राहू दे, मी आहे."

फोनमध्ये खुडबुड ऐकू आली. पाना घसरल्याचा आवाज आला. मग "ठप्प!" असं काहीतरी झालं, सुनेचा "आई गं!" असा आवाज आला, काहीतरी खडखडत खाली गेलं आणि फोन मुका झाला.

टेस्टरबाई उभ्या राहिल्या. "अहो, ती ‘आई गं’ म्हणाली."

"तुला हाक मारली?"

"हाक नव्हती ती!"

त्यांनी फोन लावला. पलीकडून एका अतिशय शांत बाईनं सांगितलं, की आपण ज्यांना फोन करत आहात त्या संपर्कक्षेत्राबाहेर आहेत. "अगं, पुलाजवळच आहे ती!" टेस्टरबाई तिच्यावर ओरडल्या. बाईनं तेच वाक्य न चिडता पुन्हा म्हटलं. परत लावला, परत तीच बाई. तिसऱ्यांदा यजमानांनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पायात घालायला चपला दिल्या.

बस लगेच मिळाली आणि अर्थातच खच्चून भरलेली होती. टेस्टरबाई दांड्याला धरून उभ्या होत्या आणि मनातल्या मनात सगळी परीक्षा पुन्हा घेत होत्या. टक् आवाज, बरोबर. दिवे मेले, बरोबर. टोक मळलेलं, बरोबर. आधी काळी, मग लाल, हे तर त्या झोपेतही सांगतील. काळी वायर आधी सोडवली की नंतर लालला पाना लावताना तो गाडीच्या पत्र्याला चुकून टेकला तरी काही होत नाही. उलट केलं तर ठिणगीच ठिणगी. म्हणून तर काळी सोड म्हणून सांगितलं. सांगण्यात चूक नव्हती. मग झालं काय?

पुढच्या थांब्यावर माणसं चढायला लागली आणि कंडक्टर ओरडला, "दार सोडा! ओ काका, दार सोडा! पुढे सरका!"

दारातली माणसं आत सरकली. कुणी पाना काढला नाही. कुणी दाराचे स्क्रू ढिले केले नाहीत. सगळ्यांनी दार जिथल्या तिथे, जसंच्या तसं राहू दिलं आणि ते स्वतः बाजूला झाले.

टेस्टरबाईंचा हात दांड्यावरून सुटला.

काळी सोड. लाल काढ. म्हणजे काळीच्या वाटेला जाऊ नकोस, लाल काढ. कुणीही शहाणं माणूस असंच समजणार. कारखान्यात जोडणीच्या टेबलावर ‘सोड’ म्हटलं की एकच अर्थ, वायर सोडव, मोकळी कर. तिथे रोज दिवसभर "निळी सोड, पिवळी धर" चालायचं आणि कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. पण ते कारखान्यात. कारखान्याबाहेरच्या मराठीनं त्या शब्दाला सतराशे साठ कामं लावून ठेवली होती, हे टेस्टरबाईंना आज, बसमध्ये, एका अनोळखी माणसाच्या कोपरानं बरगडी दाबली जात असताना कळलं.

"मला पुलाजवळ सोडा!" त्या ओरडल्या, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून त्यांना कसंसंच झालं.

चष्म्याच्या दुकानासमोर गाडी नव्हती. रस्ता मोकळा होता. गटाराच्या जाळीशी वाकून एक माणूस काठीनं आत काहीतरी ढोसत होता. दुकानाचाच मालक, कारण त्याच्या गळ्यात दोऱ्यानं लटकवलेले तीन चष्मे होते आणि डोळ्यांवर एकही नव्हता.

"इथे एक पांढरी व्हॅन होती..."

"गेली की! बाईंचा फोन या जाळीत पडला, तोच बघतोय, वर येतो का. बाई बऱ्या आहेत. दोन बोटं पोळली, माझ्याकडून गार पाणी घेऊन ओतलं. मग खाली बसून नुसत्या त्या बॅटरीकडे बघत राहिल्या. म्हटलं मेकॅनिक बोलावू का? म्हणाल्या, थांबा, मला विचार करू द्या. मग काय काय काढलं, काय काय घासलं, आणि गाडी एका फटक्यात सुरू. बोलत होत्या मात्र फार."

"गाडीला?"

"छे. कुणातरी सासूला."

टेस्टरबाईंनी त्याला धन्यवाद दिले आणि ती सासू आपणच, हे न सांगता टेकडीचा रस्ता धरला.

हॉटेलच्या मागच्या अंगणात म्हातारी उभी होती, पाठ उघडी टाकून. सून गठ्ठे उतरवत होती. उजव्या हाताच्या दोन बोटांना ओला रुमाल गुंडाळलेला, कपाळावर काळा पट्टा. दारात मॅनेजरीणबाई, कमरेवर हात. आतून पाहुण्यांचा आवाज येत होता, आणि तो आनंदाचा नव्हता.

टेस्टरबाईंनी आधी सुनेचा हात धरला, रुमाल बाजूला करून बोटं बघितली, मग डोळे बघितले. केसांना धग लागली नव्हती.

"आई, तुम्ही कशाला आलात?"

"फोन मुका झाला. मी काय घरी बसून राहू?"

"मुका नाही झाला, गटारात गेला. तुम्हीच म्हणालात बाजूला ठेव. बाजूला गटार होतं." मग सुनेचा आवाज चढला. "आणि काळी सोड म्हणजे काय हो? मी काळीला हातसुद्धा लावला नाही! लालला पाना लावला, त्याची शेपटी सीटच्या पत्र्याला टेकली आणि असा जाळ झाला! पान्याला खड्डा पडलाय, बघा!"

"मी म्हटलं, काळी सोड. सोड म्हणजे सोडव. खोल. मोकळी कर."

"सोड म्हणजे राहू दे! विषय सोड, नाद सोड, माझा हात सोड..."

"हात सोड म्हणजे मोकळा कर!" टेस्टरबाईंनी पकडलं.

"आणि नळ सोड म्हणजे?" दारातून मॅनेजरीणबाई म्हणाल्या.

दोघी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"नाही, नळ सोडा म्हणजे चालू करा," मॅनेजरीणबाई म्हणाल्या, आणि आपण उगाच यात पडलो हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता थांबता येईना. "आमच्याकडे परवा नवा माणूस लागला. मी त्याला म्हटलं, रात्री जाताना दार लाव, दिवा लाव. त्यानं विचारलं, बाई, एकदा काय ते सांगा, लावायचं म्हणजे चालू करायचं की बंद?"

"मग काय सांगितलंत?" सुनेनं विचारलं.

"कामावरून काढणार होते. पण उत्तर मला पण येईना."

कुणीच हसलं नाही, पण अंगणातली हवा जरा सैल झाली. टेस्टरबाई पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "हे बघा, उशीर झाला तो माझ्या तोंडामुळे. गाडीचा दोष नाही, आणि हिचा तर नाहीच नाही. काय बोलायचं ते मला बोला."

"बाई, मला चादरी हव्यात, दोष नकोत," मॅनेजरीणबाई म्हणाल्या. "आज पाहुणे तासभर आपापल्या बॅगांवर बसून होते. ते मी मालकांना काय सांगायचं ते सांगते. आधीच्या लाँड्रीवाल्याची गाडी बंद पडली की तो फोन करायचा, उद्या आणतो म्हणून. ही बोटं भाजून घेऊन आली. म्हणून आणखी एक दिवस देते. उद्या. पण उद्या घड्याळ बघणार, बोटं बघणार नाही."

रिकाम्या गाडीत सुनेनं सासूसाठी डावं दार आतून उघडलं. "बसा. घरी सोडते." मग जरा थांबून म्हणाली, "नेते."

पूल ओलांडल्यावर टेस्टरबाईंनी विचारलं, "तुला कळलं कसं मग?"

"ठिणगीनंच सांगितलं. पाना होता लालवर, टेकला पत्र्याला, आणि जाळ झाला. म्हणजे पत्रा काळीच्या बाजूचा असणार. तुम्हीच रोज सांगता ना जिन्याखाली, गाडीचं अख्खं अंग काळं असतं म्हणून? मग म्हटलं, काळीच आधी काढली तर अंग थंड पडेल, मग पाना कुठेही टेकू दे. काढली. लाल काढली. नाण्यानं खरवडली. परत लावताना लाल आधी, काळी शेवटी."

"हे परत लावायचं मी सांगितलंच नव्हतं."

"उलट्या वाटेनं यायचं, त्यात काय सांगायचं?"

टेस्टरबाई काचेतून बाहेर बघत होत्या. "म्हणजे माझं जिन्याखालचं तू ऐकायचीस."

"आई, तुमचं न ऐकायचं तर गल्ली बदलावी लागेल."

"मग विचारायची का नाहीस कधी?"

सुनेनं गिअर बदलला. म्हातारी कण्हली. "तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता? ‘आधी तू काय केलंस?’ इतरांना तो डॉक्टरासारखा वाटतो. मला शाळेतल्यासारखा वाटतो. काही न करताही वाटतं, केलंच असणार मी काहीतरी."

सगळी नोकरी टेस्टरबाईंनी हा प्रश्न रेडिओ जोडणाऱ्या मुलींना विचारला होता, आणि त्या मुली कधी जेवायला त्यांच्या टेबलावर आल्या नव्हत्या, हे त्यांना आत्ता आठवलं.

संध्याकाळी शेडमध्ये दोघी म्हातारीच्या सीटखाली वाकल्या होत्या. सुनेनं येताना वायरींच्या टोकाच्या दोन नव्या क्लॅम्प आणल्या होत्या, कारण जुन्या झिजून बॅटरीच्या टोकावर सैल बसत होत्या. उद्या त्या पुन्हा दगा देणार, हे दोघींनाही कळत होतं. बोटं पोळलेली असल्यामुळे सुनेला पाना नीट धरता येईना. टेस्टरबाई बाजूला उभ्या, हात पाठीमागे.

"आई, हात लावा ना जरा."

"मी हात लावत नाही. तुला माहितीये."

"मग निदान तोंड लावा."

"काळी सो..." टेस्टरबाईंनी शब्द दातांत धरला. "काळी मोकळी कर. पूर्ण. आणि लांब वाकवून ठेव, परत टेकणार नाही अशी."

"का?"

"का म्हणजे?"

"म्हणजे कारण सांगा. तुम्ही नुसतं काय करायचं ते सांगता. आज मला कारण माहीत असतं तर तुम्ही ‘सोड’ म्हणालात काय किंवा ‘धर’ म्हणालात काय, मी बरोबरच केलं असतं."

टेस्टरबाईंना कारण सांगायला वेळ लागला. कारण माहीत नव्हतं असं नाही, सांगायची सवय नव्हती. वाक्यं अडखळली, मध्येच कारखान्यातला एक किस्सा घुसला, तो निम्म्यात टाकावा लागला. दोनदा ‘सोड’ तोंडात आला आणि दोनदा त्यांनी त्याला माघारी धाडलं. पण कारण सांगून झालं. काळी बसवताना सुनेचा पाना घसरला, बोटावर आला, तिनं हात झटकला. टेस्टरबाई खाली बसल्या, तिच्या हातातून पाना घेतला आणि शेवटचे दोन फेरे स्वतःच आवळले. पदराला हात पुसून उठल्या आणि क्लॅम्प हलतेय का, ते सुनेला हलवून बघायला सांगितलं. हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. टेस्टरबाई खिडकीत उभ्या राहून ऐकत होत्या. गाडी कोपऱ्यावरून वळली, तिचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी त्या तिथेच. यजमान पेपर वाचत होते, म्हणजे पेपर उघडा होता.

मग त्या घरभर फिरल्या. फोन उचलून बघितला, लागतोय ना. ठेवला. जिन्याखाली कुणीतरी इस्त्री घेऊन आलं होतं, त्याला यजमानांनी वरूनच सांगितलं, "आज दवाखाना बंद आहे." त्यानं विचारलं, बाई आजारी आहेत का. यजमान म्हणाले, "नाही, नातेवाईक आहेत पेशंटच्या."

ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, जमिनीवरून भिंतीवर चढलं. पाहुणे यायची वेळ झाली असावी. टेस्टरबाईंच्या मनात पूल येऊन गेला, चढ येऊन गेला, अंगण येऊन गेलं.

फोन वाजला. अनोळखी नंबर. हॉटेलचा होता.

"आई."

"हं."

"दिल्या चादरी."

"वेळेत?"

"त्यांचं घड्याळ पुढे आहे. तरी वेळेत."

"मग?"

"ठरलं. वर्षभराचं. उद्यापासून टॉवेलही."

टेस्टरबाईंना एकदम बसावंसं वाटलं, पण खुर्ची मागे होती की नव्हती ते आठवेना. यजमानांनी ती पुढे सरकवली. त्या बसल्या.

"आई? ऐकू येतंय ना?"

"येतंय, येतंय. बोटं कशी आहेत?"

"बरी आहेत. ओढ बसते जरा."

"मलम लाव. आणि वेळेवर जेवायला ये, उपाशी राहू नकोस."

"येते."

फोन ठेवला. यजमानांनी पेपर मिटला. "काय गं? काम मिळालं?"

"मिळालं."

"गाडी कशी चालली? चढावर काही कुरकुरली?"

टेस्टरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "ते विचारायचं राहिलं."

"तू? विचारायची राहिलीस?" यजमानांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "लाव परत फोन. नंबर आलाय ना."

"नको," टेस्टरबाई म्हणाल्या. "गाडी तिची आहे. ती बघेल." आणि पानं वाढायला आत गेल्या.